मेकनेसला गेलेलं विरजण

स्फाक्स, ४ नोव्हेंबर

प्रिय जिलाली,

सलाम आणि अभिनंदन. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर आपण दोघे साडू बोलायला लागलो की दोघी बहिणी आपापल्या टोकाला कान लावून बसतात. माझं वाक्य अर्धं होतं न होतं तोच मोनिया मागून म्हणते, "जरा नीट बोला, तो लहान आहे." चाळिशी ओलांडलेला, बापाची तेलगिरणी बसल्या जागी मिळालेला माणूस लहान! म्हणून हे पत्र विरजणाच्या डब्यांसोबत विमानाने पाठवतोय. रिकामे डबे परत धाडशील तेव्हा उत्तर त्यांच्यासोबतच पाठव.

तुझा फोटो पाहिला. पाहिला म्हणजे मला दाखवण्यात आला. सासूबाईंनी तो पेपरातून कापून, काच लावून बैठकीत टांगलाय, मी आणून दिलेल्या टीव्हीच्या बरोब्बर वर. बातम्या बघायला मान उचलली की आधी तू. दोन देशांचे साहेब, मध्ये प्रयोगशाळेच्या डॉक्टर रौधा आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून तू, जणू ती बुरशी तुझ्याच घरी जन्मली.

मी जळत नाही. पण आपल्यात गैरसमज नको म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो. ऑलिव्हचं तेल काढल्यावर जे काळं पाणी उरतं ते जमिनीत सोडलं तर झाडं मरतात, नदीत सोडलं तर मासे. तुझ्याकडे नदी आहे, माझ्याकडे तलाव. माझे तलाव काठोकाठ भरलेत. नवा खणायला परवानगी नाही. पुढच्या हंगामाआधी पाण्याची सोय झाली नाही तर गिरणीला सील लावू, असं सरकारी साहेब माझा चहा पिऊन मला तोंडावर सांगून गेला. ही गिरणी मला कोणी दिलेली नाही, जिलाली. मी इथे घाण्याच्या चटया धुवायला लागलो तेव्हा मालक दुसरा होता.

आता ते काळं पाणी खाऊन त्याचं जिवंत खत करणारी बुरशी रौधाताईंना सापडली कुठे? माझ्याच तलावाच्या काठच्या चिखलात. त्या गुडघ्याएवढे बूट घालून उतरल्या तेव्हा त्यांचा हात धरायला मी होतो. आणि दोन देशांच्या भागीदारीने ठरवलं काय? त्या बुरशीचं विरजण स्फाक्सच्या प्रयोगशाळेतून आणि पहिली मोठी टाकी मेकनेसला, तुझ्या गिरणीत. का, तर तुझ्याकडे जागा आहे, नदी आहे आणि आडनाव आहे. या हंगामात तीनदा टाकी भरायची. एकदा जरी ती नीट जमली तरी शिक्का मिळणार, खत दोन्ही देशांच्या बाजारात जाणार आणि मग दुसरी टाकी माझ्याकडे बसणार. तिन्ही वेळा मेली तर काय, ते भागीदारीच्या सभेत कोणी बोललं नाही. मग पाळी माझी, असं मी मनातल्या मनात समजून घेतलं.

डबे सावलीत ठेव. तुझ्या आईला, लाल्ला तामोंना, सलाम.

तुझा साडू,
मोंजी

*

मेकनेस, २० नोव्हेंबर

आदरणीय सी मोंजी,

सलाम. तुमचं पत्र वाचून दलिला हसली आणि मी जरा कमी हसलो. फोटो टांगा असं मी सांगितलं नव्हतं. आडनावाचं म्हणाल तर ते मी बदलू शकत नाही.

बातमी वाईट आहे. पहिली टाकी मेली. पाणी काळं ते काळंच राहिलं, वर फेस आला आणि असा वास सुटला की कामगार नाकाला फडकं बांधून फिरत होते. नमुना रौधाताईंना पाठवला. त्या म्हणाल्या, "विरजण मिठाने मेलंय. खारं पाणी कुठून तरी येतंय, शोधा." शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या भिंतीला लागून हाज बेन्नासरचे ऑलिव्ह मुरवायचे हौद आहेत, सगळे मिठाच्या पाण्याने भरलेले. मी त्याला म्हटलं, "हाज, तुझं पाणी माझ्याकडे झिरपतंय." तो म्हणाला, "माझ्या बापाचे हौद तुझ्या बापाच्या वेळेपासून इथेच आहेत, तेव्हा झिरपले नाहीत ते?" भांडण झालं. आमचं आयुष्यातलं पहिलंच.

आमच्याकडून काळजीत काही कमी पडलं नव्हतं. डबे आले त्या दिवशी आईने दाराशीच दृष्ट काढायला हरमलच्या बियांचा धूर केला, प्रत्येक डब्याचं झाकण उघडायला लावलं आणि बिस्मिल्ला म्हणून स्वतःच्या हाताने आत मीठ सोडलं. एरवी नव्या वस्तूला चिमूटभर पुरतं, पण आई म्हणाली, "एवढं मोठं काम, पेपरात फोटो, त्याला चिमूट काय पुरणार?" मूठमूठभर सोडलं. टाकी भरतानाही तेच. दृष्ट कोणाची लागेल, हे तिने बोलून दाखवलं नाही. मीही बोलत नाही.

दुसरे डबे लवकर पाठवा.

तुमचा,
जिलाली

*

स्फाक्स, २८ नोव्हेंबर

प्रिय जिलाली,

वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. मोनियाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "टाकी मेली." ती म्हणाली, "मग तुमची मिशी का हलतेय?" बायकोला आपल्या नवऱ्याच्या मिशीवर पाळत ठेवण्याशिवाय दुसरा धंदा नाही.

रौधाताईंचं बरोबर आहे. या विरजणाला मीठ अजिबात सोसत नाही. चिखलातून काढलं त्याच दिवशी त्यांनी मला ते सांगितलं होतं. तेव्हा हाज बेन्नासरला सोडू नकोस. मधली भिंत उकरून काढ, खाली प्लास्टिक घाल, वर सिमेंट घाल. मेकनेसच्या माणसाने ऑलिव्ह मुरवावेत, तेलवाल्यांचे जीव मारू नयेत.

लाल्ला तामोंना सांग, त्यांच्यासारखी माया करणारी आई मी तरी पाहिली नाही. त्यांचा हात आखडू देऊ नकोस. म्हाताऱ्या माणसांना घरच्या कामात आपलाही हात लागतोय असं वाटलं की ती टिकतात.

डबे सोबत आहेत. तुझा फोटो अजून जागच्या जागी आहे. काल सासूबाई त्याची काच पुसत होत्या.

मोंजी

*

मेकनेस, १७ डिसेंबर

सी मोंजी,

दुसरी टाकीही मेली.

भिंत उकरली, प्लास्टिक घातलं, सिमेंट घातलं. हाज बेन्नासर आता मी रस्त्यात दिसलो की दुसऱ्या बाजूला जातो. शुक्रवारी मशिदीत त्याने माझ्या शेजारची जागा सोडून मागच्या रांगेत नमाज पढली. सगळ्यांनी पाहिलं. आणि टाकीतलं मीठ मागच्यापेक्षा जास्त निघालं! रौधाताई फोनवर म्हणाल्या, "मला कळत नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकणं मला फार जड गेलं.

तुमचा निरोप आईला सांगितला. ती काही खुलली नाही. म्हणाली, "मोंजी माझं कौतुक करतोय? त्याने माझ्या भाकरीचंही कधी कौतुक केलं नाही." आणि या वेळी तिने हात आणखी सढळ केला.

आता खरी गोष्ट सांगतो, ती तुम्हालाही कळायला हवी. भागीदारीच्या कचेरीतून माणूस आला होता. मी विचारलं, "तिसरी टाकी मेली तर स्फाक्सला करून बघणार ना? आमचे साडू तयार आहेत." तो म्हणाला, "नाही हो. करार दोन्ही देशांचा मिळून एकच आहे. तिसरी मेली की करार संपला. बुरशीचे हक्क समुद्रापलीकडच्या एका कंपनीला विकायचं ठरलंय. ती तयार खत करून तुम्हालाच विकेल." म्हणजे तुमच्या तलावातला जीव तुम्ही बोटीने मागवाल, सी मोंजी. टाकी ना माझी, ना तुमची.

तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलंय. काही सुचत असेल तर कळवा.

जिलाली

*

स्फाक्स, २२ डिसेंबर

जिलाली,

डब्यांची वाट न बघता हे कुरियरने पाठवतोय. आज सकाळी दाढी करताना एकदम डोक्यात आलं. मीठ तुझी आई घालतेय! हौद नाही, भिंत नाही, हाज बेन्नासर नाही. डब्यात मूठ, टाकीत मूठ, दृष्ट लागू नये म्हणून. ती मूठ आधी बंद कर. आजच्या आज. हाजच्या दारात जाऊन माफी माग आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

तिसरे डबे जानेवारीच्या सुरुवातीला निघतील. त्यांच्या जवळपास मिठाचा खडासुद्धा दिसता कामा नये.

मोंजी

*

मेकनेस, ३० डिसेंबर

सी मोंजी,

चूक माझी. तुमचं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं, आणि आई समोर होती.

तिने घास खाली ठेवला. म्हणाली, "कोणी लिहिलंय?"

"सी मोंजींनी."

"ज्याच्या नजरेसाठी मी मीठ टाकते, तोच म्हणतो मीठ टाकू नका?"

मी म्हटलं, "आई, प्रयोगशाळाही म्हणते मिठाने मेलं."

"प्रयोगशाळा म्हणते हाजच्या मिठाने. माझ्या मिठाने म्हणणारा तो एकटाच. चोराने येऊन सांगावं की दाराची कडी काढा, आणि तू उठून काढणार?"

तिने आता बिछाना टाकीच्या खोलीत हलवलाय. उशाशी मिठाचं मडकं. कामगार तिला ओलांडून ये-जा करतात. मी तिच्या हातातून मडकं हिसकावून घ्यावं असं तुम्ही म्हणाल. तुम्ही तुमच्या आईच्या हातातून घेतलं असतं का?

खरं सांगतो, आईचं मीठ म्हणजे मीठ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोजच्या मिठाची बरणी वेगळी, हे वेगळं. ते पाण्यात विरघळतं असा विचार आमच्या घरात कोणी केलेला नाही. पण तुमच्या डोक्यात कधी आलं? दाढी करताना म्हणता. मी तुमचं मागचं पत्र काढून वाचलं. विरजणाला मीठ सोसत नाही असं तुम्ही स्वतः लिहिलंय आणि त्याखाली लगेच, आईचा हात आखडू देऊ नकोस. दलिलाला दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजी जळके आहेत, पण इतके?" 

आईशी तुम्हीच बोला. माझं ऐकणार नाही. फोनवर मात्र बोलू नका. तुमचा आवाज ऐकला की ती फोनवरही मीठ टाकते.

जिलाली

*

स्फाक्स, ३ जानेवारी

जिलाली,

इतका. होय, इतका.

डबे घेऊन मी स्वतः येतोय. विमानात मांडीवर घेऊन बसणार आहे. विमानतळावर गाडी पाठव. आईला सांगू नकोस. नाहीतर दारातच मडकं रिकामं होईल.

मोंजी

*

मेकनेस, ११ जानेवारी

ताई,

हे पत्र पोस्टाने टाकतेय. भाऊजींच्या बॅगेत ठेवलं असतं तर विमान उडायच्या आत त्यांनी वाचलं असतं. आणि फोन करता येत नाही, कारण तुझा नवरा माझ्या फोनच्या शेजारीच बसून असतो.

तू विचारत होतीस काय झालं. ऐक. भाऊजी आले ते थेट टाकीच्या खोलीत. डबे दाराबाहेर ठेवले. माझ्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या, मडकं काखेत.  भाऊजींनी डोक्यावरची लाल टोपी काढली, बुटकं स्टूल ओढलं आणि बरोब्बर त्यांच्या पायाशी बसले.

म्हणाले, "लाल्ला, नजर माझीच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं वाटतं?"

"मग डब्याला काय मीठ टाकता? दृष्ट डब्यात थोडीच आहे? ती इथे आहे," म्हणून डोळ्यांवर बोट ठेवलं. "रोग स्फाक्सला आणि औषध मेकनेसच्या टाकीला! बरा कसा होणार? मी आलोय, मला टाका."

सासूबाईंनी मडकं काखेतून काढून हातात घेतलं. मग म्हणाल्या, "कशावरून जळतोस, ते बोल. न बोलता निघत नाही."

आणि ताई, ते बोलले. बापाची गिरणी, आडनाव, नदी, पेपरातला फोटो. आमच्या लग्नात आपल्या आईने जिलालीच्या ताटात मोठा मासा वाढला होता, तेही! सतरा वर्षं झाली त्या माशाला. प्रत्येक गोष्टीला सासूबाई एक मूठ डोक्यावरून ओवाळून मागे टाकत होत्या आणि "पुढे?" म्हणत होत्या. मग हरमलचा असा धूर केला की भाऊजींच्या डोळ्यांतून धारा. ते धुराने रडत होते की कशाने, ते मी विचारलं नाही. मडकं रिकामं झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गेली का?"

भाऊजी नाक पुसत म्हणाले, "बरीचशी. थोडी आहे."

सासूबाई हसल्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना इतक्या मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "खोटं बोलत नाहीस, मग चालेल. आणा तुमचे डबे."

त्यांनी टाकीला हात लावला नाही. मग भाऊजी जिलालीला घेऊन हाज बेन्नासरकडे गेले. आत काय बोलले माहीत नाही, पण येताना हाजने मुरवलेल्या ऑलिव्हची बरणी दिली. चांगले आहेत. तुला पाठवते.

तुझी,
दलिला

*

मेकनेस, ६ फेब्रुवारी

सी मोंजी,

जमली! पाणी चहासारखं झालं आणि टाकीच्या खोलीत पावसानंतरच्या जंगलासारखा वास येतोय. रौधाताई मुद्दाम इथे आल्या, त्यांनी पेला हातात घेऊन उजेडात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. काल शिक्का आला. दोन्ही देशांचा. खताची पहिली पोती महिनाअखेर बाजारात जातील. तुमच्या टाकीचे पत्रे पुढच्या आठवड्यात स्फाक्सला निघतील.

एकच अडचण आहे. आई म्हणते, टाकी भरताना दर वेळी मोंजी इथे हजर पाहिजे, नाहीतर तिला चैन पडत नाही. कचेरीतल्या माणसाला मी काय सांगू? शेवटी त्याने कागदावर 'तज्ज्ञ सल्लागार, स्फाक्स' असं लिहिलं. तुमचा जाण्या-येण्याचा खर्च मंजूर आहे.

आणि एक बोलू का? तुम्ही इथे होता त्या शुक्रवारी आईने सगळ्यांच्या परातीतल्या कुसकुसच्या ढिगाखालचा मांसाचा मोठा तुकडा स्वतःच्या बोटांनी तुमच्या बाजूला सरकवला. माझ्या बाजूला गाजरं. तुम्ही गेल्यापासून ती विचारते, "मोंजी पुन्हा कधी येणार? तो खरं बोलतो." गिरणी माझी, टाकी माझी, आई माझी. रात्री मला हे आठवतं आणि झोप लागत नाही. हे कोणाला सांगू नका.

जिलाली

*

स्फाक्स, २ एप्रिल

प्रिय जिलाली,

तुझं दुखणं मी ओळखतो. त्याला औषध एकच. पुढच्या वेळी आईसमोर स्टुलावर तू बस. गाजरांपासून सुरुवात कर.

टाकी बसली. सील लावणार होता तो साहेब आला, तलाव ओसरलेला पाहिला, टाकीतलं पाणी पाहिलं, हुंगलं. म्हणाला, "पिता येईल का?" मी म्हटलं, "साहेब, आधी तुम्ही." हसला आणि हंगामाच्या परवानगीवर सही केली. साहेब गेल्यावर मी घाण्याच्या खोलीत थोडा वेळ एकटाच बसलो होतो. कामगारांना वाटलं, मालकाची तब्येत बिघडली.

रौधाताई भेटून गेल्या. त्यांना आता खजुराच्या बियांत काहीतरी सापडलंय, त्यासाठी दक्षिणेत माणूस शोधतायत.  मोनियाने माझ्या मिशीकडे पाहिलं.

तुझी आई विचारते, नजर गेली का. तिला खरं तेच सांग. काल मी स्वतः बाजारात उभा होतो. एकाला लागून एक दोन थप्प्या, तुझ्या मेकनेसच्या पोत्यांची आणि माझ्या स्फाक्सच्या पोत्यांची. आत खत तेच, भाव तोच. इथल्या जवळच्या अगारेबचा एक शेतकरी आला. माझं पोतं उचललं, वाचलं, खाली ठेवलं. तुझं उचललं. मी विचारलं, "काका, हे का नको? हे आपल्या गावचं आहे." तो म्हणाला, "बाहेरून आलंय ते चांगलंच असणार. नाहीतर इतक्या लांब कशाला आणलं असतं?"

बुरशी कुठल्या चिखलातली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काका वयाने मोठे, पाठीत वाकलेले. मी तुझं पोतं खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन ठेवलं. जड होतं.

तुझा साडू,
मोंजी